एका तिथीची चूक

रावजीने चारचौघांत माझं वजन जाहीर केलं त्याला नऊ वर्षं झाली, आणि मी अजून त्याला माफ केलेलं नाही. लग्न होऊन खारपाटीत आल्याला मला आठवडासुद्धा झाला नव्हता. खाडीपलीकडे बंदरवाडीच्या हायस्कूलात गणिताची शिक्षिका म्हणून रुजू व्हायचं होतं. पर्स छातीशी धरून मी धक्क्यावर उभी होते आणि पाण्याकडे बघायचं टाळत होते. तेवढ्यात होडीतून खणखणीत आवाज आला, "नव्या बाई, तुमी मदी बसा. बासष्ट किलो."

होडीतल्या आठ-नऊ माणसांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "साठ."

"पर्स धरून बासष्ट," रावजी म्हणाला आणि माझा तोल सांभाळायला शेजारी मासळीच्या दोन पाट्या लावून मोकळा झाला. त्या संध्याकाळी मी घरी काट्यावर उभी राहिले. पर्स धरून बासष्टच भरले. माझा नवरा देवव्रत सुपारी सोलत बसला होता, तो म्हणाला की रावजीचा अंदाज वाण्याच्या काट्यापेक्षा बरा. मी दोन दिवस नवऱ्याशीही बोलले नाही.

खाडी ओलांडून देणाऱ्या होडीला आमच्याकडे तर म्हणतात. खारपाटीतून बंदरवाडी समोर दिसते, तिथला कोंबडा इकडे ऐकू येतो. पण रस्त्याने जायचं तर तळा गावावरून वळसा घालून अडतीस किलोमीटर आणि एसटी दिवसातून दोनदा. तरीने अकरा मिनिटं. रावजीचा बाप वल्ह्यांनी तर न्यायचा. रावजीने मशीन बसवलं, तरी वल्ही अजून होडीच्या कडेला बांधलेली असतात. मशीन म्हणजे जावई, कधी रुसेल सांगता येत नाही, असं त्याचं म्हणणं.

त्याच्या होडीत वागायची एक रीत आहे आणि ती कलेक्टर आला तरी बदलत नाही. चढताना पाय कडेवर द्यायचा नाही, मधोमध द्यायचा. आधी बसायचं, मग बोलायचं. कोंबडी पिशवीत, मोबाईल प्लास्टिकमध्ये, आणि नारिंगी जाकीट अंगात. ते बुडाखाली घेऊन बसणाऱ्याला रावजी सगळ्यांदेखत उठवतो. तेलाचा कापलेला डबा असतो, तो जो सर्वांत शेवटी चढेल त्याच्या हातात, होडीतलं पाणी उपसायला. पहिलं वर्षभर मी इतकं पाणी उपसलं की माझे दंड पाहून माहेरी विचारपूस झाली. मग मी वेळेवर यायला शिकले. शाळेत मुलं मला शिस्तीच्या बाई म्हणतात, ती शिस्त मला त्या डब्याने लावली आहे.

पण रावजीचा खरा तोरा पाण्याच्या वेळेचा. पुनवेला आणि अवसेला आमच्या खाडीत बाराला भरती येते आणि पुढे रोज पाऊण तास उशिरा. म्हणून तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ निघाली. चौथ असेल तर तीन, अष्टमीला सहा. त्यात सहा तास मिळवले किंवा वजा केले की ओहोटी. रावजी हे बोटांच्या पेरांवर करतो, बिडी पेटवेपर्यंत. मोबाईलवर भरती-ओहोटीच्या वेळा दिसतात असं मी त्याला एकदा सांगितलं. त्याने मोबाईल हातात घेऊन उलटसुलट बघितला. "ह्याचे पाय कदी भिजलेत का?" असं विचारून परत दिला.

वेळ कळायला हवी, कारण खाडीच्या मध्यावर म्हैस आहे. म्हैस म्हणजे गाळाचा लांबलचक उंचवटा. भरतीला ती बुडलेली असते, ओहोटीला तिची काळी पाठ वर येते. ती वर असली की तर बंद. बुडाली की चालू. गावात कोणी कुठे निघालं की आधी विचारतात, म्हैस बुडाली का? पाव्हण्यांना वाटतं गावात मोठा अपघात झालाय.

आता मृणालबद्दल. ती रावजीची सून. नवरा जीवन मांडव्याला लाँचवर खलाशी आहे, दोर बांधतो-सोडतो आणि रजेला घरी येतो. इकडे होडी खरी मृणालच सांभाळायची. पहाटे होडी उपसायची, डिझेल भरायचं, दोर बघायचे, पाट्या उचलून द्यायच्या. ओहोटीला म्हशीच्या पाठीवर उतरून गाळातून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचायच्या, ते काम वेगळं. फक्त मागची सुकाणूची जागा रावजीची. तिथे ती कधी बसली नव्हती. बसू का, असंही तिने विचारलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी होडीत मी मुलांच्या वह्या तपासत होते. मृणाल माझ्या खांद्यावरून बघत होती. हळूच म्हणाली, "बाई, दहावीचं गणित अजून तसंच असतं का?" मग सगळं बाहेर आलं. दहावीला गणितात नापास झाली, घरच्यांनी लग्न लावून दिलं, विषय संपला. पण आता जीवनने मांडव्याहून विचारून आणलं होतं की मशीनची होडी चालवायचं सरकारी शिक्षण मिळतं, दाखलाही मिळतो. त्याला दहावी पास लागते. रावजीचे गुडघे गेलेले, जीवनला गावात यायचं नव्हतं आणि तर बंद पडावी असं कोणालाच वाटत नव्हतं. मृणालला ती हवी होती. तिच्या तोंडून "मला तर चालवायची आहे" हे वाक्य निघालं तेव्हा तिने आधी मागे वळून सासऱ्याकडे बघितलं. मशीनच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नव्हतं.

मग आमचा वर्ग सुरू झाला, जाताना अकरा मिनिटं. संध्याकाळी मी परत यायचे तेव्हा आणखी अकरा. इतका लहान तास घेतलेली मी महाराष्ट्रातली एकटीच शिक्षिका असेन. अपूर्णांक म्हटले की तिचा चेहरा पडायचा. एक दिवस मी वैतागून विचारलं, "आज षष्ठी, भरती किती वाजता?" ती पटकन म्हणाली, "साडेचार." मी म्हटलं, "सहा गुणिले तीन छेद चार म्हणजे काय केलंस तू आत्ता?" ती माझ्याकडे बघत राहिली. नंतर इतकी हसली की रावजीने मागून ओरडून होडी हलवू नका म्हणून सांगितलं. लग्नापासून रोज अपूर्णांकांचा गुणाकार करणारी बाई स्वतःला ढ समजत होती. मला त्या दिवशी आमच्या सगळ्या पाठ्यपुस्तकांचा राग आला.

रावजीचा शिक्षणाला विरोध नव्हता. उलट तो उतारूंना सांगायचा, "सून दहावीला बसलीय, पुन्ना फारम भरलाय." पण सुकाणूचा विषय निघाला की म्हणायचा, "सुकानू काय वहीत न्हाय. ते पान्यात हाय." आणि बिडी पेटवायचा. मृणाल होडीतलं पाणी उपसत राहायची. मला मात्र एकदा म्हणाली, "बाई, मी ह्या खेपेला बसणार. ह्या वेळेला नाही झालं तर पुन्हा नाही. दोनदा हसं नाही करून घेणार."

तिचा बीजगणिताचा पेपर आला शिमग्यात.

आमच्या गावात होळी पेटली की चार दिवस होडी पाण्यात जात नाही. ती वर ओढतात, रंगवतात, हार घालतात. तिचाही सण असतो. रावजी त्या चार दिवसांत खाली खाडीवर फिरकतच नाही. वरच्या वाडीत देवळापाशी पालखी नाचवतो, तिथेच जेवतो, तिथेच झोपतो. त्या वर्षी पंचांगात पुनवेच्या रात्री भद्रा, म्हणजे होळी पेटवायला अशुभ वेळ, आली होती, त्यावरून गावात दोन तट पडले. रात्रभर वाद झाला आणि शेवटी होळी एक दिवस उशिरा पेटली. बंदरवाडीने मात्र आपली वेळेवर पेटवली होती. पलीकडचा जाळ आम्ही सगळ्यांनी अंगणातून बघितला. बघून नाकंसुद्धा मुरडली.

पेपरच्या आदल्या दिवशी मी वरच्या वाडीत गेले. गणिताच्या पेपरला गणिताच्या शिक्षकांना केंद्रावर काम देत नाहीत, त्यामुळे मी मोकळी होते आणि मृणालला फाटकापर्यंत सोडायचं ठरवलं होतं. रावजी गुलालाने माखला होता. मी म्हटलं, "रावजी, उद्या आम्ही सकाळच्या एसटीने जातो."

"एष्टीनं?" त्याने ढोलवाल्याला हाताने थांबवलं. "माजी सून पेपरला एष्टीनं जानार? तीन पिढ्यांची तर हाय आमची." मग पेरं मोजली. "होळी झाली ती पुनव. आज तीज, उद्या चौथ. तीनची भरती, म्हंजे सकाळी नवाला ओहोटी सरली. पावने धाला म्हैस बुडाली. धाला पोरगी पलीकडं. साडेधाला वर्गात."

मी मनातल्या मनात पडताळून बघितलं. चार गुणिले पाऊण, तीन. गुणाकार बरोबर होता. चार आले कुठून, हे गणिताच्या बाईंनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला धक्क्यावर होडी नव्या निळ्या रंगात चमकत होती. आम्ही चौघंच उतारू होतो. मी, मृणाल, भाजी घेऊन निघालेली नीराबाई आणि तळ्याचा हितेश. हितेश दुकानांना बिस्किटं-साबण पोचवतो आणि मोटरसायकलसकट तरीत चढतो. त्या दिवशी त्याने पांढरी पँट घातली होती. मृणालने हॉलतिकीट आणि कंपासपेटी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून ओढणीने पोटाशी बांधली होती.

रावजी काठी टेकत वाडीतून थेट धक्क्यावर उतरला. म्हैस अजून थोडी दिसत होती. "बुडंल आता, आपन पोचेपत्तूर," तो म्हणाला आणि मशीनची दोरी ओढली.

मृणाल पाण्याकडे बघत होती. माझ्याकडे झुकून म्हणाली, "बाई, फेस अजून खालीच चाललाय. समुद्राकडं."

"म्हणजे?"

"म्हणजे ओहोटी सरली नाही." मग म्हणाली, "आईंनी काल संकष्टी सोडली चंद्र बघून. मग आज चौथ कशी?" आई म्हणजे तिची सासू ठमाबाई.

मी म्हटलं, सांग की आबांना. तिने घसा साफ केला आणि सासऱ्याला म्हणाली, "आबा, पाणी उतरतंय अजून."

"चाळीस वर्सं मी पानी बगतोय," रावजी म्हणाला. यापुढे कोणती सून बोलेल? मी बोलायला हवं होतं. मीही गप्प बसले, कारण दहाला पलीकडे पोचायचं होतं आणि मला रावजी बरोबर असायला हवा होता.

दहाला दहा मिनिटं कमी असताना होडीचं तोंड म्हशीच्या पाठीत घुसलं. धक्का असा नाहीच, नुसता मऊसा आवाज झाला आणि आम्ही थांबलो. रावजीने मशीन जोरात केलं. मागे काळा चिखल उडाला, मशीन खोकलं आणि बंद पडलं. हितेश म्हणाला, "काका, आपण बसलो की काय?" रावजीने दोरी ओढली, पुन्हा ओढली, पुन्हा.

नेमका त्याच वेळी बंदरवाडीच्या धक्क्यावरून गलका ऐकू आला. दहा-बारा पोरं पिचकाऱ्या घेऊन धावत होती. सगळी लाल, हिरवी, जांभळी. रावजी दोरी हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, ती पोरं रंग खेळतायत."

"हो."

"म्हंजे आज रंगपंचमी हाय." तो फळीवर बसला. "पंचमी. पावने चारची भरती. ओहोटी आत्ता सरतेय. मी आमच्या होळीपास्नं मोजलं."

आमची होळी आमच्या भांडणामुळे एक दिवस उशिरा पेटली होती. चंद्राला ते कोणी कळवलं नव्हतं. अख्ख्या खाडीत हिशेब तिथीवर चालतो आणि आम्ही तिथीच गावकीच्या बैठकीत ठरवली होती. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. पाणी चढून होडी आपोआप सुटायला अजून तास तरी हवा होता. अकराच्या ठोक्याला केंद्राचं फाटक बंद होणार होतं. नीराबाई म्हणाली, "अगो बाय, आता पोरीचा पेपर?" रावजीने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. त्याचा चेहरा मला बघवेना. हा माणूस मला कधीच आवडला नव्हता, पण त्या क्षणी मी देवाला म्हटलं, म्हाताऱ्याला एवढी शिक्षा नको.

मृणाल उठली. तिने पोटावरची पिशवी सोडली, डोक्यावर ठेवली, आणि ओढणीने हनुवटीखाली घट्ट गाठ मारली. जाकिटाचे पट्टे आवळले. मग म्हणाली, "आबा, मशीनला हात लावू नका. पंखा वर घ्या."

रावजीने पंखा वर घेतला.

"हितेशभाऊ, गाडी मागं सरकवा, अगदी आबांपाशी. नीरामावशी, पाट्या मागं. पुढचं टोक हलकं झालं पाहिजे. बाई, तुम्ही माझ्याबरोबर खाली."

मी म्हटलं, "मला पोहता येत नाही."

"चिखलात कोण पोहतं?" ती म्हणाली आणि उतरली.

गाळात कसं चालायचं ते मला त्या दिवशी कळलं. सरळ उभं राहिलं की पाय आत जातो. गुडघे वाकवून, वजन होडीच्या कडेवर टाकून, पाय टाचेकडून न ओढता बोटांकडून सोडवायचा. मृणाल रोज तिसऱ्या वेचायला ह्याच गाळात उतरायची. तिचे पाय सहज निघत होते. माझी एक चप्पल पहिल्याच पावलाला गेली, ती अजून म्हशीच्या पोटात आहे. गाडी मागे लावून हितेशही उतरला. उतरण्याआधी त्याने आपल्या पांढऱ्या पँटकडे एकदा शेवटचं बघून घेतलं.

"ढकलायचं नाही लगेच," मृणालने सांगितलं. "आधी झुलवायचं. डावीकडं, उजवीकडं. चिखलाची पकड सुटली की मग ढकला."

आम्ही झुलवलं. होडीखाली बुळुक बुळुक आवाज व्हायला लागला. वर नीराबाई पाट्यांना धरून देवाचं नाव घेत होती. रावजी वल्हं मागे रोवून सगळ्या जोराने होडी ओढत होता, त्याच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. चौथ्या-पाचव्या झोक्याला होडी सरकली. आणखी एक झोका, आणि ती एकदम मागे पाण्यात गेली. मी आणि हितेश दोघं तोंडावर आपटलो. उठून एकमेकांकडे बघितलं आणि हसत सुटलो. तोंडात चिखल असताना इतकं हसता येतं हे मला माहीत नव्हतं.

"आता हिकडनं न्हाय जमायचं," रावजी वरून म्हणाला. प्रथमच त्याचा आवाज विचारल्यासारखा होता.

"शेपटाकडनं जाऊ," मृणाल म्हणाली. "तिथं घळ आहे. ओहोटीलाही माझ्या कमरेएवढं पाणी असतं. रुंद नाही, पण होडी जाईल. मी पुढं चालते, तुम्ही वल्ह्याने माझ्या मागनं या."

म्हशीच्या शेपटाला घळ आहे हे चाळीस वर्षं तर चालवणाऱ्या माणसाला माहीत नव्हतं. म्हैस वर आली की तो तर बंद करून घरी जायचा. तेव्हाच बायका तिथे उतरायच्या.

आम्हाला होडीत ओढून घेतलं गेलं. मृणाल पाण्यातच राहिली. डोक्यावर हॉलतिकीट, कमरेपर्यंत पाणी, पायाने तळ चाचपत ती पुढे चालली आणि मागून आमची निळी होडी हळूहळू निघाली. "डावीकडं घ्या आबा," ती म्हणायची आणि रावजी वल्हं फिरवायचा. "थांबा." तो थांबायचा. "या." तो यायचा. एकदा ती छातीपर्यंत गेली आणि मी होडीची कड घट्ट धरली. मग पुन्हा वर आली. रावजीची नजर तिच्या डोक्यावरच्या पिशवीवर होती. खोल पाणी लागलं तसं तिने होडीची कड धरली आणि वर उडी घेतली. रावजीने दोरी ओढली. जावई प्रसन्न झाला, मशीन पहिल्या झटक्यात लागलं.

बंदरवाडीच्या धक्क्याला लागलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. हितेशने फळीवरून गाडी उतरवली, रावजीने आणि मी मागून रेटा दिला. "बस ताई," हितेश मृणालला म्हणाला. ती बसली. रंगाची पोरं पिचकाऱ्या उगारून आडवी आली, पण ह्या दोघांचा अवतार बघून आपण होऊन बाजूला झाली. मी एका चपलेवर मागून पळत गेले.

फाटकापाशी पोचले तर वाद चालू होता. मृणालने नळावर हातपाय धुतले होते, पण छातीपासून खाली सगळा चिखल वाळायला लागला होता. दारावरचे गृहस्थ म्हणत होते की ह्या अवस्थेत परीक्षेला कसं बसवायचं. मी त्यांना म्हटलं, "आसनक्रमांक बघा. गणिताच्या पेपरला इस्त्री लागत नाही." माझाही अवतार बघून त्यांनी वाद घातला नाही. अकराला नऊ मिनिटं असताना ती आत गेली. हॉलतिकिटाला पाण्याचा थेंब लागला नव्हता.

दोन तास मी आणि रावजी फाटकासमोर चिंचेखाली बसलो. पोरांनी येऊन त्याच्या टोपीवर हिरवा रंग ओतला तरी त्याला कळलं नाही. सुटल्याची घंटा झाली. मृणाल बाहेर आली, चिखलाचे पोपडे पडत होते. रावजी उठून उभा राहिला. "कसा गेला?"

"एक गणित राहिलं."

"येकच?"

"एकच."

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तू सांगत होतीस, पानी उतरतंय. मी आयकलं न्हाय. चूक माजी." मग म्हणाला, "उद्यापास्नं तिथी तू सांगायची." मृणालने मान हलवली.

परत जाताना भरभरून पाणी चढत होतं. म्हैस पार बुडाली होती.

त्यानंतर मृणाल रोज सकाळी तिथी सांगायची, मग हळूहळू मशीनवरही बसायला लागली. रावजी आधी शेजारी बसायचा, मग मध्ये, मग पुढे. निकालाच्या दिवशी मी धक्क्याच्या टोकाला, जिथे मोबाईलला रेंज मिळते तिथे, तिचा क्रमांक टाकला. गणितात अठ्ठावन्न. सगळ्या विषयांत पास. मृणालने तो आकडा तीनदा बघितला आणि माझ्या गळ्यात पडली. ठमाबाईने सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला. रावजी होडीच्या कडेला वळून उभा राहिला आणि उगाच दोर सोडत-बांधत राहिला, डोळे पुसायला त्याला निमित्त हवं होतं.

मग संध्याकाळपर्यंत त्याने प्रत्येक फेरीला उतारूंना ते मार्क सांगितले. दुपारी दीडच्या तरीला अठ्ठावन्न होते. चारला पासष्ट झाले. संध्याकाळच्या फेरीला मी परत निघाले तेव्हा एक्क्याऐंशी. मी म्हटलं, "रावजी, अहो, किती वाढवाल?"

"भरती हाय बाई," तो म्हणाला. "वाढनारच."

त्या फेरीला एक पाव्हणे होते, कोणाच्या तरी साखरपुड्याला निघालेले. मागे मृणाल सुकाणू धरून बसली होती, पुढे रावजी. पाव्हण्यांनी कौतुकाने विचारलं, "मग तरीचे मालक, सुनेला पेपरला वेळेवर तुम्हीच पोचवलंत म्हणायचं?"

मी रावजीकडे बघितलं. एक्क्याऐंशी सांगणाऱ्या माणसाला हो म्हणायला काय लागतं?

"न्हाय," रावजी म्हणाला. "मी तिला चिखलात रुतवली व्हती. तिथी चुकलो. ती सोता पान्यात उतरली, होडी काढली आनि घेऊन गेली. मी मागनं आलो." मग त्यांना नीट कळावं म्हणून हात पसरून म्हैस कुठे आहे, शेपूट कुठे, घळ कुठे, सगळं दाखवायला लागला. दाखवता दाखवता त्याचा हात होडीबाहेर गेला.

"आबा," मृणाल मागून म्हणाली, "हात आत घ्या. धक्का आला."

रावजीने मुकाट्याने हात आत घेतला.